झोपडीच्या पेटीतली हळद

“मंग हळद काय आभाळातून पडली?” लटारू ओसरीच्या खांबाकडे पाहत ओरडला. “विचार तिले, नथ्थूची माय. मत टाकाच्या दिवशी हात कोणाचे पिवळे होते, विचार!”

तिले म्हणजे सुनेला. पार्बता चुलीच्या खोलीच्या दाराआड उभी होती, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. पण सासरा सुनेशी थेट बोलत नसे. तो खांबाशी बोले, त्याच्या बायकोनं, शकुबाईनं, ते दाराकडे न्यायचं आणि दारातलं उत्तर खांबाकडे आणायचं. घर पेटलं असतं तरी ही रीत मोडली नसती. त्यामुळे भांडणातलं प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येत होतं आणि दुसऱ्या खेपेला जास्त लागत होतं.

“मामाजीले सांगा,” पार्बता आतून म्हणाली, “का मी दोन्ही कागद बैलजोडीच्याच पेटीत टाकले. तुमी सांगतलं तसेच. अन् हळद तर साऱ्याच बाया कांडून राह्यल्या होत्या.”

“ते म्हणते, दोन्ही बैलजोडीत टाकले,” शकुबाई म्हणाली.

“मले कान आहेत.”

“मंग माह्या तोंडून काऊन वदवता?”

नथ्थू खाटेवर बसून पायांतले बूट काढत होता. तो माजरीला कोळशाच्या खाणीत कामाला होता. बापाचा निरोप गेला म्हणून सुट्टी काढून दुपारीच आला होता. बूट काढता काढता तो म्हणाला, “बाबा, एका कागदानं तुमचे गुणवंतराव पडले का? निवडून आले ना? मंग?”

“तू तर बोलूच नको. तूच भरवलं तिच्या डोक्यात.”

“भरवलं असन. तिनं आयकलं असन. मत ज्याचं त्याचं राह्यते.”

हे बोलताना नथ्थूच्या मिशीखाली किंचित हसू होतं. शकुबाईनं ते पाहिलं. दाराआडून पार्बतानंही पाहिलं असावं, कारण आतून पितळेचा गंज दणकन खाली ठेवल्याचा आवाज आला.

“सोमवारी सकाळी बंडी जुंपतो,” लटारू खांबाला म्हणाला. “भावाकडे जाऊ दे तिले. बाळंतपणाले गेली म्हणून सांगू. हा जोपर्यंत गुणवंतरावच्या पाया पडून माफी मागत नाई, तोपर्यंत बंडी तिले आणाले जानार नाई.”

पार्बताचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, मूल राहिलं नव्हतं. दुसरं सासरीच व्हायचं, तशी तिथली रीत. सातव्या महिन्यात सुनेला बैलबंडीत घालून भावाकडे नेली, तर सावरटोला गावात कुणाला काय समजायचं ते समजलं असतं. भावाचं घर म्हणजे एक खोली, त्यात त्याची चार पोरं आणि तोंडानं तिखट भावजय. नथ्थू तर माफी मागणारा नव्हता. म्हणजे बंडी किती दिवस जाणार नाही, हे शकुबाईला दिसत होतं.

झालं होतं ते असं.

फागुनात निवडणूक झाली. प्रत्येकाला दोन कागद मिळाले, एक दिल्लीसाठी आणि एक मुंबईसाठी. मागच्या खेपेला दुसरा कागद नागपूरसाठी होता. मधे चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून काढून मुंबईला जोडला होता. लटारूची आई रुखमाबाई म्हणे, गाव काही हललं नाही, मंग याले नेलं कुठी? शाळेच्या खोलीत पडद्यामागं पेट्या मांडल्या होत्या, दिल्लीच्या वेगळ्या आणि मुंबईच्या वेगळ्या. पेटीवर उमेदवाराची निशाणी चिकटवलेली. ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत कागद टाकायचा, बस. मुंबईसाठी बैलजोडीवर गुणवंतराव उभे होते, म्हणजे सावरटोल्याचे जुने मालगुजार, गावचे जमीनदार. त्यांच्यासमोर झोपडी होती.

लटारू गावातला बैलजोडीचा पहिला माणूस. त्यानं गुणवंतरावांच्या ओसरीवर, चार गावच्या माणसांसमोर शब्द दिला होता, “आमच्या गावची झोपडीची पेटी रिकामी वापस जाईन.”

मोजणीत पेटी रिकामी निघाली नाही. एक कागद निघाला. नुसता निघाला असता तर कुणाचा म्हणून कोणी विचारलं नसतं. पण तो पिवळा होता. त्याला हळद लागली होती. साहेबानं तो बाजूला काढून बाद केला, आणि तिथं बसलेल्या बैलजोडीच्या माणसांनी ही बातमी हसत हसत गुणवंतरावांपर्यंत पोचवली. त्या दिवसांत सावरटोल्यात लग्नघर एकच होतं. लटारूची मुलगी आशा हिचं लग्न आठवड्यावर आलं होतं, आणि मतदानाच्या सकाळपासून त्याच्याच अंगणात उखळं वाजत होती.

“लटारू, हळद तुह्याच घरची दिसते बापा,” गुणवंतराव सगळ्यांदेखत म्हणाले होते. लटारूनं टोपी काढून हातात घेतली आणि तो म्हणाला, “पाहतो. सून जराशी पोराच्या नादानं चालते.”

हे शकुबाईला शेजारणीकडून कळलं. शेजारीण सांगताना तिच्या तोंडाकडे पाहत होती. आता विहिरीवरही तसंच चाललं होतं. ही पोचली की बाया गप्प होत आणि पाणी भरण्यात मन घालत. कालपर्यंत लग्नातल्या वरणाची तारीफ करणारी बाई आज तिच्या हाताकडे बघे.

शकुबाईचा स्वभाव मुळातच संशयी. दुकानदार वजन करू लागला की काटा पाहावा, दुधात बोट घालावं, कुणी गोड बोललं की हा काय मागणार म्हणून थांबावं. लोक म्हणत, बाई खडूस आहे. पण ती काही आईच्या पोटातून तशी आली नव्हती.

तीसच्या साली ती या घरात नवी होती, नथ्थू अंगावर पीत होता. लटारू तेव्हा बाविशीतला. तलावापलीकडच्या सरकारी जंगलात गवत कापायला बंदी होती. गावोगाव लोक विळे घेऊन निघाले, मिरवत गेले, गवत कापलं आणि शिपायांपुढे उभे राहिले. लटारूही निघाला. सोबत दसरू गोंड होता, त्यांच्याच शेतावर सालदार. जंगलाच्या कडेला शिपाई होते, जंगलखात्याचा नाकेदार होता, आणि घोड्यावर तरणेबांड गुणवंतराव. शिपायांना गावची माणसं ओळखू येत नव्हती. गुणवंतरावांनी लटारूकडे छडी लांब केली आणि म्हणाले, “हा पहिला.”

लटारू सहा महिने चांद्याच्या जेलात गेला. दसरूही गेला. त्या वर्षी गुणवंतरावांच्या दिवाणानं लटारूच्या बांधीचं, म्हणजे धानाच्या शेताचं, तलावाचं पाणी बंद केलं. धान निसवायच्या आधी वाळलं. नथ्थूला बांधावर फडक्यात निजवून शकुबाई दुसऱ्यांच्या बांधीत धान रोवायला जाई. शेवटी रुखमाबाई मालकाच्या वाड्यावर गेली, पायऱ्यांवर डोकं टेकवून आली, म्हणाली पोरगा नादान आहे. पुढच्या हंगामाला पाणी सुटलं. ती गोष्ट लटारूला कोणी सांगितली नाही. त्याला वाटत राहिलं, पाणी सत्याग्रहानं सुटलं.

तो जेलातून आला तेव्हा वेशीवर त्याच्या गळ्यात हार पडले. दसरूच्या गळ्यात कोणी घातला नाही. तो मागं उभा होता. पुढं स्वराज्य आलं, तेव्हाही तसंच. दसरूला कोणी विचारलं तर तो म्हणे, “आमचं गवत तवाबी बंद होतं, आताबी बंदच आहे. नाकेदार तेवढा बदलला.” लटारू यावर चिडे. तो सांगे, तेव्हाचा कायदा इंग्रजाचा होता, आताचा आपला आहे, आता कायदा मोडणं म्हणजे आपलंच घर फोडणं. ज्या माणसानं विळ्यानं कायदा कापला, त्याच्याच तोंडी हे ऐकून शकुबाई मनात म्हणे, माणूस म्हातारा व्हायच्या आधी त्याचं बोलणं म्हातारं होते.

बावनच्या निवडणुकीत लटारू सर्वांत सुखी होता. गुणवंतराव तेव्हा वेगळी निशाणी घेऊन उभे होते, आणि पडले. मालगुजारी नुकतीच गेलेली. लटारूनं गावात गूळ वाटला. रुखमाबाईनं तो खाल्ला नाही. मालकाचं मीठ खाल्लेल्या तोंडात हा गूळ कसा घालू, म्हणाली. नथ्थू तेव्हा बापाच्या पुढं बैलजोडीचा झेंडा घेऊन नाचला होता. मग तो माजरीला गेला, खाणीत उतरला, संपात बसला, आणि दोन वर्षांत झोपडीची भाषा बोलायला लागला. “बाबा, तुमचं स्वराज्य ओसरीपर्यंत आलं, खाली नाई उतरलं,” असं म्हणे. बाप-लेक जेवताना भांडत. शकुबाई दोघांनाही वाढत राही आणि दोघांवरही विश्वास ठेवत नसे. खाणीतल्या मुकादमानं नथ्थूला मेट, म्हणजे टोळीचा म्होरक्या, करतो म्हटल्यापासून त्याची संपाची भाषा जराशी सौम्य झाली होती, हे तिच्या कानानं टिपलं होतं.

आणि मग छप्पनच्या दिवाळीनंतर गुणवंतराव खादी घालून लटारूच्या अंगणात आले. बैलजोडी त्यांना मिळाली होती. त्या घरात ते पहिल्यांदाच आले होते. रुखमाबाईनं पदर सावरून जमिनीवर डोकं टेकवलं. तिच्यासाठी काहीच बदललं नव्हतं, मालक आता बैलावर बसले एवढंच. लटारूनं खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि गुणवंतराव म्हणाले तसं त्यांच्यासाठी गावोगाव फिरला. कोणी विचारलंच की लटारूभाऊ, हा तोच ना, तर म्हणे, “पक्ष मोठा. माणसाचं काय घेऊन बसला?”

शकुबाईला तेव्हाच संशय आला होता. आपला माणूस विकला गेला, पण कशात, ते तिला समजत नव्हतं.

रविवारी सकाळी तिनं घर तपासायला घेतलं. आधी पार्बता. ती मागच्या अंगणात मोहाची फुलं वाळवत बसली होती. अवघडलेली, एक पाय लांब केलेला.

“माह्याकडे पाह्य,” शकुबाई म्हणाली. “खरं सांग. मी कोणाले सांगनार नाई.”

“सांगतलं ना मामीजी.”

“नथ्थूनं काय शिकवलं होतं तुले?”

“दोन्ही झोपडीत टाक म्हणे. दिल्लीचाबी अन् मुंबईचाबी. चिठ्ठी लिहून धाडली होती. मी म्हणलं, मले राहाचं इथी आहे का माजरीले?” ती फुलं पसरत राहिली. “तुमी बैलजोडी म्हणलं, मी बैलजोडी टाकली. आता काल रात्री तुमच्या लेकाले सांगतलं तर हे म्हणते, लाजू नको, चांगलं केलं तू. मी नाई टाकला म्हणते तर हसते. घरचे दोघं माणसं दोन पक्षाचे, पन मी लबाड आहे याच्यावर दोघायचं एक झालं.”

शकुबाईला हसू आलं, तिनं ते दाबलं. पोरगी खरं बोलत असावी. पण लबाड माणूसही असंच बोलतं. ती सासूकडे गेली.

रुखमाबाई उन्हात बसून जात्याच्या खुंट्याकडे बघत होती. “मी मालकालेच टाकलं वं,” ती विचारायच्या आधीच म्हणाली. “दोन्ही बैलायच्या पेटीत. पेटीच्या पायाबी पडली. तो शाळेचा मास्तर हासत होता. माफी मागून टाका पोरायनो. माफीनं काय कमी होते? मी मागतली होती तवा धान पिकलं.”

“हो, मालूम आहे मले.”

“त्याले मालूम नाई,” रुखमाबाई लटारूच्या दिशेनं हनुवटी उडवून म्हणाली. “त्याले नको सांगू.”

मग शकुबाई मिठाचं निमित्त काढून मुखरूच्या दुकानात गेली. मुखरू किराणा विके आणि बैलजोडीकडून मोजणीला बसला होता, म्हणजे बातमी मुळात त्याच्याच डोळ्यांतून निघाली होती. गिऱ्हाईक नव्हतं. तिनं मीठ मागितलं, काट्याकडे बघितलं, आणि विचारलं, “मुखरूभाऊ, तो कागद कसा होता जी?”

मुखरूनं काटा खाली ठेवला. सांगायला त्याला आवडत होतं. फार आवडत होतं, हे तिला खटकलं.

“काय सांगू बाई! साहेबानं उजेडात धरला तर पलीकडचा माणूस दिसे. तेलकट! असा मोठा अंगठा उमटला होता, अन् मधात एक कोरी रेघ. साहेब म्हणे, पोहे खाऊन आला का कोणी?”

“तेलकट?”

“मंग? तेलात भिजलेला. अन् मजा आयका. दिल्लीच्या बैलजोडीच्या पेटीतबी तसाच एक निघाला. तोच अंगठा, तेच तेल. तोबी बाद केला. पन आपल्या पेटीतल्याची कोण चर्चा करते? दिल्लीची झोपडी तर साफ रिकामी होती. म्हणजे पाहा, तुमच्या सुनेनं दिल्ली आमाले दिली अन् मुंबई त्यायले. चतुर आहे पोरगी!” तो हसला. “हातबी चांगला जाड आहे वाटते.”

शकुबाईनं मीठ पदरात घेतलं. पैसे दिले की नाही ते तिला आठवेना, मुखरूनं हाक मारली तेव्हा कळलं.

रस्त्यानं चालताना तिच्या डोक्यात उखळ वाजू लागलं. त्या दिवशी बायांनी हळकुंडं कांडली होती. कोरडी. कांडलेली हळद हाताला लागते, पण झटकली की उडते, कागदावर डाग पडला तरी पावडरचा. तेल लावून हळद कालवली ती पुढं, लग्नाच्या आदल्या दिवशी. मतदानाच्या दिवशी घरात तेलातली हळद एकाच ठिकाणी होती.

सकाळी लटारू आणि दसरू मांडवासाठी बांबू फाडत होते. बांबूची धार लटारूच्या उजव्या अंगठ्यात घुसली. रक्त थांबेना. शकुबाईनंच पळीत तेल गरम केलं, त्यात हळद टाकली, गरम गरम जखमेत भरली आणि वर चिंधी बांधली. “एवढं मोठं नको बांधू,” तो म्हणाला होता. “लोक म्हणतीन, लटारू मुंडकं बांधून आला.” दुपारी शाळेतून परत आला तेव्हा अंगठ्यावर चिंधी नव्हती. कागद धरता येईना म्हणून सोडली, म्हणाला. तिनं त्याला शिव्या दिल्या होत्या आणि पुन्हा बांधली होती.

मधात एक कोरी रेघ. ती जखमेची.

आणि दोन कागद, एकाच हाताचे. ज्याला पक्ष नको होता त्यानं दोन्ही झोपडीत टाकले असते, नथ्थूनं शिकवलं तसे. यानं दिल्ली बैलजोडीला दिली होती आणि मुंबई काढून घेतली होती. याला पक्ष हवा होता. माणूस नको होता.

ती तलावाच्या पाळीवर थांबली. पलीकडं सरकारी जंगल तसंच होतं, उन्हाळ्यानं पिवळं पडलेलं गवत तसंच. आधी तिला बरं वाटलं. म्हणजे विकला गेला नव्हता तर. सत्तावीस वर्षं ती छडी आत ठेवून होता, आणि तिला, बायकोला, त्यानं कळू दिलं नव्हतं. मग लगेच तिला राग आला. कारण स्वतःचा अंगठा लपवायला तो पोटुशी पोरगी बंडीत घालत होता.

दुपारी ती वाढायला बसली. लटारू एकटाच जेवत होता, नथ्थू गावात गेला होता.

“अंगठा दुखते का जी आता?” तिनं विचारलं.

त्याचा हात भातात थांबला. “नाई.”

“तेल-हळद चांगली असते. कागदावरबी टिकते.”

त्यानं पाण्याचा घोट घेतला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “मुखरूनं सांगतलं?”

“मुखरूनं तेल सांगतलं. अंगठा मी ओळखला.”

त्यानं दाराकडे पाहिलं, कोणी नव्हतं. “माह्यानं झालं नाई वं,” तो म्हणाला. “दिल्लीचा टाकला. हात हलला नाई. मंग मुंबईचा घेतला. पेटीवर बैल काढले होते, पन मले त्याचंच तोंड दिसे. घोड्यावरचं. हात बाजूच्या पेटीवर कवा गेला...” त्यानं भात चिवडला. “बाहेर आलो, लोकायनं इचारलं, मी म्हणलं, गुणवंतराव की जय.”

“मंग आता सांगा ना तसं.”

“कोणाले? गावाले? साऱ्या उमरभर लोकायले सांगतलं, बैलजोडी, बैलजोडी. अन् नथ्थू? तो तर नाचन. म्हणन, बाबा माह्या पक्षात आले. मी त्याच्याबी पक्षात नाई गेलो वं. मी कुठीच नाई गेलो.”

“अन् पार्बता?”

“मी तिचं नाव नाई घेतलं. सून पोराच्या नादानं चालते, एवढंच म्हणलं. त्यायनं समजून घेतलं.”

“त्यायनं नाई. तुमीच समजावून दिलं.”

तो हात धुवायला उठला. भात तसाच राहिला. शकुबाई रात्रीपर्यंत वाट पाहत होती. तो गोठ्यात गेला, वैरण टाकली, बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढून पुन्हा बांधल्या. रुखमाबाईजवळ बसून आला. नथ्थू आला तेव्हा लटारूनं तोंड उघडलं, आणि म्हणाला, “सकाळी लवकर ऊठ.” बस तेवढंच.

तिला खात्री होती की सोमवार उजाडायच्या आत तो बोलेल. आणि तितकीच खात्री होती की बोलणार नाही. या माणसाला शिपायांपुढे उभं राहता आलं होतं. ते सोपं होतं, तिथं सगळे एका बाजूला उभे होते.

सोमवारी सकाळी दसरूनं बंडी अंगणात आणली. बैल जुंपले. बंडीत पेंढा टाकला, त्यावर गोधडी. पार्बताचं गाठोडं ओसरीवर होतं. ती दारात उभी होती, डोळे कोरडे, पण तोंड घट्ट मिटलेलं. नथ्थू बूट घालून तयार होता. तो म्हणाला, “घाबरू नको. मी माफी मागनार नाई.” जणू ही तिच्यासाठी आनंदाची बातमी होती.

“मालकाच्या पाया पडला असता तर सुटलं असतं,” रुखमाबाई पुटपुटली.

लटारू बैलांच्या पुढं उभा होता. हात जुवावर. तो कोणाकडेच बघत नव्हता. शेजारच्या कुंपणावरून दोन डोकी दिसत होती. शकुबाईनं ती पाहिली आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात बोलली.

“दसरू, बैल सोड.”

दसरूनं लटारूकडे पाहिलं.

“त्यायच्याकडे नको पाहू. मी सांगून राह्यली. तो कागद मी टाकला. दिल्लीचा बैलजोडीत अन् मुंबईचा झोपडीत. माह्या हाताले हळद होती. यायच्या अंगठ्यात भरली होती मी, तेलात कालवून. तेच लागली.”

“तू?” रुखमाबाईचं तोंड उघडं राहिलं. “मालकाच्या विरोधात?”

“हो. बांधीचं पाणी बंद केलं होतं त्यानं. नथ्थू बांधावर रडे, तवाच ठरवलं होतं मी.”

नथ्थूच्या मिशीखालचं हसू गेलं. त्यानं एकदा आईकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. पार्बतानं त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो पुन्हा बूट सोडायला बसला.

लटारू जुवावरचा हात काढून शकुबाईकडे वळला. त्याच्या ओठांची काहीतरी हालचाल झाली. शकुबाई थांबली, तिनं त्याला वेळ दिला. त्यानं टोपी सारखी केली.

“आजच वाड्यावर जा,” ती त्याला म्हणाली, “अन् सांगून या, लटारूच्या बायकोनं टाकला. काय कराचं ते करा म्हणाव. मले धाडाले माहेर नाई, माह्ये मायबाप कवाचेच गेले.” मग ती दाराकडे वळली, पण बोलली सगळ्यांना. “गाठोडं आत ठेव वं पार्बता. बाळंतपण इथीच होईन.”